गरम झाल्यावर ‘मिस’ मारणारी जुनी गाडी : सुटे भाग बदलूनही दोष जात नाही, तपास कोठून सुरू करावा?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.१०

सर्वांना नमस्कार. मी खानापूरचा. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत आणि त्यांनी २००४ साली घेतलेली पेट्रोल गाडी आता मी चालवतो. चार सिलिंडर, तेराशे सी.सी., एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), पण ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) आणि प्लगच्या चार वायरी, अशी तिची रचना आहे. आजवर ती १,४८,००० किलोमीटर चालली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा नसून वयाचा आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्रासाची सुरुवात जुलैत झाली. भर पावसात जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी गचके देऊ लागली. कणकुंबीला चहासाठी थांबलो, तेव्हा इंजिन चालूच ठेवले होते. त्या वेळी गिअरची दांडी थरथरत होती आणि सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने ‘फट्’ असा आवाज येत होता. सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीही तक्रार नसते. आज ऑक्टोबर उजाडला, पाऊस ओसरला, तरीही गाडी मिस मारते आहे, म्हणजे सिलिंडरमधले इंधन मधूनमधून पेटतच नाही.

या तीन महिन्यांत प्लग दोनदा बदलले, कॉइल बदलली, डिस्ट्रिब्युटरचे कॅप आणि रोटर बदलले, पेट्रोल फिल्टर नवा घातला, इंजेक्टर काढून साफ करून घेतले. बेळगावातील एका गॅरेजात जुलैत कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) मोजले. आकडे १६५, १६८, १५२ आणि १६६ पीएसआय आले आणि ‘इंजिन उत्तम आहे’ असे सांगण्यात आले. आता गाडीतला, टाकीतून इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा पंप बदला म्हणतात. चौदा हजारांच्या वर खर्च झाला आहे. वडिलांचा या गाडीवर फार जीव आहे. ‘विकून टाक’ हा सल्ला कृपया देऊ नये. कोणत्या क्रमाने तपास करावा, एवढेच मार्गदर्शन हवे आहे.

निपाणीकर | रविवार, रात्री १०.०२

सर, आपण पेट्रोलचा विचार केला आहे का? आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा आणि आता पंपांवर सर्वत्र ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जमवलेल्या जुन्या इंजिनला तेच मिश्रण सात-आठ टक्के विरळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. विरळ मिश्रण उशिरा पेटते किंवा पेटतच नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळे बसतात. पावसाळ्यात सुरू झालेला त्रास म्हणून मला पहिली शंका तीच येते. टाकी रिकामी करून एकदा पाहावे.

उद्यमबागचा फिटर | सोमवार, सकाळी ६.४५

सर, मी छत्तीस वर्षे हेड आणि ब्लॉकच्या (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग आणि खालचा, सिलिंडरचा भाग) कामात काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निपाणीकरांनी इथेनॉलविषयी लिहिलेले चूक नाही, पण टाकीतले पेट्रोल चारही सिलिंडरना एकच जाते. पेट्रोल खराब असेल, पंपाचा दाब कमी असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर चौघेही कमी-अधिक आजारी पडतील. आपण सांगता ती ‘फट्’ ठरावीक अंतराने येते. ठरावीक अंतर म्हणजे बहुतेक एकच सिलिंडर काम सोडतो आहे. त्यामुळे पंप बदलण्याआधी पहिला प्रश्न हा सोडवावा, की मिस एका सिलिंडरची आहे की सर्वांची, आणि एकाची असेल तर कितव्या.

त्यासाठी गाडी अर्धा तास चालवून पूर्ण गरम करावी. इंजिन संथ फिरत असताना इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढावे आणि परत लावावे. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर इंजिनचे फेरे खाली येतात आणि थरथर वाढते, तो सिलिंडर काम करत होता. ज्याचा काढूनही काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच झोपलेला आहे. जुने मिस्त्री यासाठी प्लगची वायर उपटत असत. तसे करू नये. एक तर झटका बसतो, आणि दुसरे म्हणजे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते व तो आतून वितळतो. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पुन्हा करावी आणि दोन्ही निकाल वहीत लिहून ठेवावेत.

दुसरे असे, की आपण दोन लक्षणे एकत्र सांगितली आहेत आणि ती एकाच कारणाची असतील असे धरून चालू नये. चढावर, म्हणजे थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडा असताना, सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते आणि दाब वाढतो. दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागते. त्या वेळी वायरीला किंवा तिच्या रबरी टोपीला बारीक चीर असेल, तर वीज प्लगच्या फटीत उडी न मारता चिरेतून बाहेर पळते. म्हणजे चढावरची मिस ही बहुधा ठिणगीची मिस असते. उलट, थांबल्यावर संथ गतीत येणारी आणि फेरे वाढवले की नाहीशी होणारी मिस ही बहुधा गळतीची असते, मग ती मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) बाहेरून शिरणाऱ्या हवेची असो की व्हॉल्व्हमधून, म्हणजे सिलिंडरच्या झडपेतून, निसटणाऱ्या कॉम्प्रेशनची. वेग वाढला की गळतीला वेळच कमी मिळतो, म्हणून ती लपते.

चंदगडची लेक | सोमवार, दुपारी २.२०

फिटरकाकांनी सांगितलेली वायरीची चीर शोधायला एक सोपी रीत आहे, ती मी स्वतः वापरली आहे. आमच्याकडे चंदगडला पावसाळ्यात हवेतच पाणी असते आणि माझी जुनी गाडी दरवर्षी जूनमध्ये रुसत असे. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि फुलझाडांवर पाणी फवारायच्या बाटलीने वायरींवर व टोप्यांवर बारीक फवारा मारावा. चीर असेल तेथे निळसर ठिणगी इंजिनच्या लोखंडाकडे उडताना डोळ्यांना दिसते. हात, ओढणी, बाही पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवावी आणि वायरीला हात लावू नये. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ आहे का, तेही पाहावे. तशी रेघ असेल तर वीज त्या वाटेने जात होती असे समजावे, आणि मग प्लग व टोपी दोन्ही बदलावी लागतात. एकच बदलली तर जुनी नव्यालाही बिघडवते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ११.०५

काका आणि ताई, आपले मनापासून आभार. दोन रात्री जागून दोन्ही चाचण्या केल्या.

फवारा मारताच दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीतून व्हॉल्व्ह कव्हरकडे ठिणगी उडताना स्पष्ट दिसली. वायर कव्हरच्या कडेवर घासून तिचे आवरण गेले होते. प्लग, कॉइल, कॅप, रोटर सगळे बदलले होते, पण वायरी मूळच्याच होत्या, हे तेव्हा लक्षात आले. चारही वायरी नव्या घातल्या. जोडणीत गोंधळ होऊ नये म्हणून एक काढून एकच लावली, कारण आमच्या इंजिनचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली तरी नवाच दोष उभा राहतो. काल जांबोटीपर्यंत जाऊन आलो. चढावरचे गचके पूर्ण गेले आहेत.

परंतु थांबल्यावरची थरथर तशीच आहे. इंजेक्टरच्या चाचणीत थंड इंजिनवर चारही सिलिंडर प्रतिसाद देतात, तरी तिसऱ्याचा फरक इतरांहून थोडा कमी जाणवतो. गरम इंजिनवर मात्र तिसऱ्याचा कनेक्टर काढला तरी काहीही फरक पडत नाही. पहिला आणि तिसरा यांचे प्लग व इंजेक्टर आपापसांत बदलून पाहिले. मिस पहिल्यावर गेली नाही, तिसऱ्यावरच राहिली.

हुबळीतला बेळगावकर | गुरुवार, सकाळी ८.३०

मोबाईलला जोडायचे ओबीडी यंत्र (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारे) घ्या असे मी लिहिणार होतो, पण २००४ च्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. नव्या गाडीत पी ०३०३ असा कोड आला की तिसरा सिलिंडर मिस मारतो असे थेट कळते. आपल्या गाडीचा संगणक मिस मोजतच नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही, असे मात्र त्यावरून समजू नये.

त्यापेक्षा व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढते ते मोजणारे) लावावे. इनटेक मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीला ते जोडता येते. निरोगी इंजिन संथ गतीत समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते आणि काटा स्थिर राहतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि दर तीनशे मीटरला साधारण एक इंच कमी होतो, त्यामुळे आपल्याकडे १५ ते १८ इंच हेच निरोगी समजावे. मी हे न जाणता एकदा चांगल्या इंजिनला आजारी ठरवले होते. आकड्यापेक्षा काट्याची हालचाल महत्त्वाची असते. काटा ठेक्यात, ठरावीक अंतराने खाली झुकत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाही.

उद्यमबागचा फिटर | गुरुवार, सकाळी ९.१५

सर, आपण फार नीट काम केलेत. प्लग बदलला, वायर बदलली, इंजेक्टर हलवला, तरीही मिस तिसऱ्यावरच बसून आहे. आता ठिणगी संशयातून सुटली, पेट्रोलही सुटले; राहिले ते कॉम्प्रेशन.

जुलैतले आकडे मी पुन्हा वाचले. तिसरा १५२ होता. बाकीच्यांच्या मानाने तो दहा टक्क्यांच्या आत बसतो, म्हणून गॅरेजने तो सोडून दिला असावा. पण ते कॉम्प्रेशन आपण सकाळी गाडी नेल्यावर थंड इंजिनवर मोजले होते का? ज्या गाडीचा दोष फक्त गरम झाल्यावर दिसतो, तिची परीक्षा थंड असताना घेऊन काय कळणार?

आणखी दोन प्रश्न आहेत. या गाडीला कधी एलपीजी किट होते का? आणि टॅपेट (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) शेवटचे कधी तपासले?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ८.४०

होय काका, मापे सकाळी, इंजिन थंड असतानाच घेतली होती. एलपीजी किट होते. २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षे गाडी प्रामुख्याने गॅसवर चालली. नंतर किट काढून टाकले. या गोष्टीचा येथे संबंध असेल असे मला वाटलेच नाही, म्हणून लिहिले नाही. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही, त्यामुळे ते कधी तपासण्याची गरज भासली नाही.

उद्यमबागचा फिटर | शुक्रवार, सकाळी ६.३०

आवाज येत नाही, हेच मला खटकते. टॅपेट सैल असेल तर टकटक करतो आणि मालक धावत येतो. टॅपेट आवळलेला असेल तर तो गप्प राहतो, आणि खरे नुकसान तोच करतो.

याचे कारण सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) आणि त्याची सीट (हेडमधली बैठक, जिच्यावर टेकून तो बंद होतो) वर्षानुवर्षे एकमेकांवर आदळून झिजतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते. त्यामुळे रॉकर आणि दांडी यांच्यातली फट कमी होत जाते. गॅस कोरडा असतो. द्रव पेट्रोलच्या बारीक थेंबांनी व त्यातल्या घटकांनी व्हॉल्व्हला जो थोडा आधार आणि गारवा मिळतो, तो गॅसवर मिळत नाही. म्हणून गॅसवरच्या गाडीत ही झीज अधिक होते. थंड असताना फट नाममात्र का होईना शिल्लक असते, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद होतो आणि गाडी छान चालते. गरम झाल्यावर दांडी लांबते, फट संपते, आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकूनच हेडला देतो. तो टेकला नाही की तापतच राहतो आणि शेवटी त्याची कड जळते.

आता इंजिन गरम करून कॉम्प्रेशन घ्यावे. चारही प्लग काढावेत, इंजेक्टरचे कनेक्टर आणि कॉइलचा पुरवठा काढावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा, बॅटरी भरलेली असावी, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने सारखेच पाच-सहा झटके द्यावेत. तिसरा कमी आला, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वर गेला तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) झिजल्या. तेथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी).

शहापूरचा जुना मोटारवाला | शुक्रवार, सकाळी ११.५०

मला हेड गॅस्केटची शंका येते. माझ्या गाडीलाही गरम झाल्यावर असाच त्रास होता आणि गॅस्केट बदलताच तो गेला.

उद्यमबागचा फिटर | शुक्रवार, दुपारी १.०५

शक्य आहे, दादा. पण गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये फुटले तर शेजारचे दोन्ही आकडे एकदम पडतात. पाण्याच्या वाटेत फुटले तर कूलंट कमी होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, आणि त्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. सरांनी यातले काहीच सांगितलेले नाही. तरी रेडिएटर पाहून घ्यावा. पाहायला खर्च येत नाही.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | रविवार, सायंकाळी ७.२५

सर्वांना नमस्कार. गरम इंजिनवरचे आकडे १६२, १६०, १०४ आणि १६१ पीएसआय. तिसऱ्यात ऑइल घातल्यावर १०८. कूलंट पूर्ण आहे, बुडबुडे नाहीत, दुसऱ्या व चौथ्याचे आकडे चांगले आहेत. व्हॅक्यूम गेज हुबळीच्या मित्रांनी स्वतः आणून लावले. काटा १५ वर असून ठेक्यात दोन इंच खाली झुकतो.

आज सकाळी इंजिन थंड असताना काकांच्या सांगण्यावरून कव्हर उघडले. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत थंड इंजिनला इनलेटसाठी ०.१५ आणि एक्झॉस्टसाठी ०.२० मिलिमीटर फट दिली आहे. इनलेट चारही जवळपास बरोबर होते. एक्झॉस्टपैकी पहिला ०.१२, दुसरा ०.१०, चौथा ०.१२ आणि तिसऱ्यात ०.०५ ची सर्वांत पातळ पट्टीही शिरली नाही. ती पट्टी हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. वडील शेजारीच होते. ते एवढेच म्हणाले, “म्हणजे ती तीन महिने सांगत होती.”

सर्व फटी पुस्तिकेप्रमाणे जमवल्या. गरम इंजिनवर तिसरा १०४ वरून १३८ वर आला आणि थरथर निम्म्याने कमी झाली. आता असेच चालवावे की हेड उतरवावे?

निपाणीकर | रविवार, रात्री ८.१५

सर, पेट्रोलविषयीची माझी शंका चुकीची ठरली, हे मान्य करतो. निम्मा त्रास गेला असेल तर एवढ्या जुन्या गाडीसाठी हेडचा खर्च टाळावा असे वाटते.

उद्यमबागचा फिटर | सोमवार, सकाळी ६.५०

माझे मत वेगळे आहे. फट बरोबर होऊनही २४ पीएसआय मागे राहतात, याचा अर्थ कड जळलेली आहे. जळलेली कड पुन्हा भरून येत नाही. ती तशीच ठेवली तर वाढत जाते, तुकडा निघाला तर पिस्टन आणि सिलिंडरही जातो. खात्री करायची असेल तर तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या शेवटी, पिस्टन पूर्ण वर आणून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरावी आणि ऐकावे. एअर फिल्टरकडे फुसफुस ऐकू आली तर इनलेट, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. हवा भरताना गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवावी, नाहीतर इंजिन फिरते आणि पाना हाताला लागतो.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.३०

उशिराबद्दल क्षमा असावी. दिवाळीमुळे काम लांबले.

हवा भरल्यावर फुसफुस सायलेन्सरमध्येच ऐकू आली. हेड उतरवून उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये दिले. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवर नखाएवढा भाग जळून फिकट पडला होता आणि सीटवर त्याच जागी खाच होती. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घातले, सीटा कापून घेतल्या, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने बसवले, दांड्यांचे ऑइल सील बदलले, हेडची पातळी तपासली आणि गॅस्केट नवे घातले. टायमिंग बेल्ट उतरवावाच लागला होता, म्हणून तोही बदलला. पेट्रोल पंप मूळचाच आहे आणि तो उत्तम चालतो आहे.

गरम इंजिनवरचे आजचे आकडे १६६, १६४, १६५ आणि १६५. व्हॅक्यूमचा काटा १७ वर स्थिर आहे. काल वडिलांना घेऊन कणकुंबीपर्यंत गेलो. मलप्रभेच्या उगमापाशी गाडी थांबवली आणि इंजिन मुद्दाम दहा मिनिटे चालू ठेवले. वडिलांनी गिअरच्या दांडीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

उद्यमबागचा फिटर | रविवार, सकाळी ६.४०

फार समाधान वाटले, सर. वडिलांना माझा नमस्कार सांगावा. नव्याने कापलेल्या सीटा सुरुवातीला थोड्या बसतात, त्यामुळे १,००० किलोमीटरला थंड इंजिनवर फटी पुन्हा मोजाव्यात आणि त्यानंतर दर १०,००० ला. आवाज येवो अथवा न येवो, मोजाव्यातच.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ७.१५

होय काका. आजचे किलोमीटर १,४८,९१० आहेत. १,४९,९१० ला कव्हर उघडेन आणि आठही मापे याच धाग्यात लिहीन.